नागपुरात फ्रेंच खायचं तर कुठे जायचं, केव्हा जायचं आणि काय विचारायचं

एकाच पाटीखाली सूपपासून गोडापर्यंत सगळं फ्रेंच जेवण मिळेल, या हिशेबाने नागपुरात निघालात तर हिरमोड होईल. इथे ते पदार्थापदार्थाने विखुरलेलं आहे. सकाळचा क्रोसाँ, म्हणजे बटरच्या थरांचा चंद्रकोरी पाव, धरमपेठ, गोकुळपेठ, रामदासपेठ, सिव्हिल लाइन्स या भागांतल्या बेकरी-कॅफेंत शोधायचा. रात्रीचं सूप आणि मुख्य पदार्थ वर्धा रोडवरच्या मोठ्या हॉटेलांत. ऑ ग्रातँ (व्हाइट सॉस आणि चीज घालून भाजलेल्या भाज्या) आणि कॅरॅमल कस्टर्ड जुन्या रेस्टॉरंटांच्या ‘कॉन्टिनेंटल’ पानावर. आणि क्रेप सुझेत (संत्र्याच्या सॉसमध्ये बुडवलेलं मैद्याचं पातळ धिरडं) मात्र संत्र्याच्या मोसमात घरच्या तव्यावरच. एकेक पदार्थ त्याच्या जागी आणि त्याच्या वेळेला खाल्ला, तर या शहरात फ्रेंच खाणं छान जमतं.

नावावर जाऊ नका. ‘ल’, ‘कॅफे द’, ‘पातिसरी’ असे शब्द पाटीवर लावायला कुणाची परवानगी लागत नाही. वर्धा रोडवरच्या ल मेरिडियनचं नाव फ्रेंच आहे, ती साखळी १९७२ साली एअर फ्रान्सने सुरू केली होती हेही खरं. पण आपल्याकडच्या कोणत्याही मोठ्या हॉटेलाच्या स्वयंपाकघरात भारतीय, चिनी आणि कॉन्टिनेंटल असं सगळंच शिजतं. फ्रेंच काय आणि कितपत, हे मेनू आणि शेफच सांगतील.

क्रोसाँ: बटर आणि नागपूरचं ऊन

चिरोटे केलेल्याला क्रोसाँ लगेच कळतो. चिरोट्यात पोळीला साटा लावून थर करतात, इथे मळलेल्या मैद्यात थंड बटरची चपटी लादी गुंडाळून लाटतात आणि घड्या घालतात. तीन वेळा तिहेरी घडी घातली की बटरचे २७ थर होतात. भाजताना बटरमधल्या पाण्याची वाफ होते, ती प्रत्येक थर उचलते, आणि आतून मधाच्या पोळ्यासारखी जाळी पडते. आणखी एक फरक म्हणजे क्रोसाँच्या पिठात यीस्टही असतं, त्यामुळे भाजण्याआधी त्याला फुगायला वेळ द्यावा लागतो.

नागपुरात अडतं ते इथेच. बटर ३२ ते ३५ अंशांना वितळतं. लाटताना खोली १८-२० अंशांच्या आसपास हवी, आणि फुगवायला ठेवताना २६-२७ च्या वर जाऊन चालत नाही. मे महिन्यात बाहेर पारा ४५ ला टेकलेला असताना एसी नसलेल्या बेकरीत हे काम होऊच शकत नाही. बटर पिठात मुरतं, थर एकमेकांना चिकटतात आणि हातात येतो तो चंद्रकोरीच्या आकाराचा पाव. म्हणून बऱ्याच बेकऱ्या बटरऐवजी मार्जरीन वापरतात. ते उशिरा वितळतं, त्यामुळे उन्हाळ्यातही थर सुटे राहतात, दिसायला माल फुललेला आणि देखणा असतो. फसगत होते ती तोंडात. बटर शरीराच्या उष्णतेपेक्षा आधी वितळतं, म्हणून जिभेवर विरघळून जातं. मार्जरीन तोंडात पूर्ण वितळत नाही. घास गिळल्यावर टाळूला मेणाचा हात फिरवल्यासारखं वाटतं. खारी खाल्ल्यावर मागे जे राहतं, तेच. खारी म्हणून ते ठीक आहे, क्रोसाँचे पैसे मोजून नाही.

काउंटरवर तीन प्रश्न विचारा, न लाजता. यात बटर आहे की मार्जरीन? इथे बनवता की फ्रोझन आणून इथे भाजता? आणि आजचा पहिला ट्रे किती वाजता निघाला? पहिल्या प्रश्नाला ‘बटर फ्लेवर’ असं उत्तर आलं तर ते मार्जरीनच समजा. दुसऱ्याचं उत्तर ‘फ्रोझन’ आलं तरी नाक मुरडू नका. चांगल्या बटरचा फ्रोझन क्रोसाँ समोरच्या ओव्हनमध्ये भाजलेला असेल, तर तो मार्जरीनच्या ‘होममेड’पेक्षा केव्हाही सरस, एप्रिल ते जूनमध्ये तर नागपुरात हाच मार्ग भरवशाचा. तिसरं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं. सकाळी सातला केलेले पोहे दुपारी चारला कुणी हौसेने खात नाही, तसंच हे. ओव्हनमधून निघाल्यावर अर्ध्या तासाने क्रोसाँ सर्वोत्तम असतो आणि पाच-सहा तासांनी उतरणीला लागतो.

विकत घेण्याआधी बघायच्या खुणा अशा. ६० ते ८० ग्रॅमचा क्रोसाँ हातात घेतला की आकाराच्या मानाने हलका लागला पाहिजे. रंग गडद सोनेरी, टोकांना जवळजवळ तपकिरी. फिक्कट पिवळा असेल तर आत कच्चट राहिलाय. उलटा करून तळ बघा. तळाला तेलकट डबकं साचून तळल्यासारखी कडा आली असेल, तर फुगवताना उष्णता जास्त झाली आणि बटर वाहून गेलं. मधोमध कापल्यावर जाळी दिसण्याऐवजी दाट, ओला गठ्ठा दिसला तर फुगायला वेळ कमी मिळाला. तोडताना पापुद्र्यांचा चुरा टेबलभर उडाला की समजा जमलंय.

फ्रान्समध्ये रिवाज असा की निव्वळ बटरचा क्रोसाँ सरळ ठेवतात आणि दुसऱ्या फॅटचा वळवून चंद्रकोर करतात. आपल्याकडे हा संकेत कुणी पाळत नाही, त्यामुळे आकारावरून काही ठरवू नका. मेनूवर ‘व्हिएन्वाझरी’ असा शब्द दिसला तर त्यात क्रोसाँ, चॉकलेटची कांडी भरलेला पँ ओ शोकोला, मनुकांची गुंडाळी असं सगळं येतं. शब्दाचा अर्थ ‘व्हिएन्नाकडचं’. ऑगस्ट झांग या ऑस्ट्रियन माणसाने १८३०च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये व्हिएन्ना पद्धतीची बेकरी काढली, तेव्हापासून या चंद्रकोरी पावाने पॅरिसमध्ये बस्तान बसवलं.

अंडं न खाणाऱ्यांसाठी चांगली बातमी: क्रोसाँच्या पारंपरिक पिठात अंडं नसतंच, फक्त वरून चमक यायला फेटलेल्या अंड्याचा हात फिरवतात. नागपुरात एगलेस बेकऱ्या पुष्कळ आहेत आणि त्या हे काम दुधाने किंवा क्रीमने करतात. चवीत फरक पडत नाही. एक्लेअरचं, म्हणजे आत क्रीम भरलेल्या लांबट पेस्ट्रीचं, तसं नाही. त्याचं पीठ अंड्यावरच फुगतं, त्यामुळे एगलेस एक्लेअर बहुधा पोकळ न होता बनसारखा होतो. तो टाळावा.

घरी आणायचा असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, कागदी पिशवी तोंड उघडं ठेवून. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत ठेवलात तर सदरहून मनीषनगरला पोचेपर्यंत कागद बटरने पारदर्शक झालेला असेल. परत गरम करायला मायक्रोवेव्ह अजिबात वापरू नका, तो चामड्यासारखा होतो. ओव्हन १६० अंशांवर पाच-सहा मिनिटं, किंवा एअर फ्रायर १५० वर तीन-चार मिनिटं, मग दोन मिनिटं जाळीवर ठेवून खा. सगळ्यात खात्रीचा काळ डिसेंबर-जानेवारी. सकाळी पारा १०-१२ पर्यंत उतरलेला असतो, घरगुती बेकरही तेव्हा निर्धास्तपणे बटरचं काम हाती घेतात. हाताने बनवलेला क्रोसाँ खायचा तर त्या दोन महिन्यांत खा.

‘बागेत’ या लांब, कडक कवचाच्या फ्रेंच पावाबद्दल थोडक्यात. नागपुरात ‘फ्रेंच लोफ’ म्हणून मिळतो तो बहुतेक वेळा गार्लिक ब्रेडसाठीचा मऊ, गोडसर पाव. फ्रान्समध्ये १९९३च्या सरकारी आदेशानुसार ‘परंपरागत’ बागेतमध्ये पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट किंवा आंबवण एवढंच मुख्यतः चालतं. साखर नाही, तेल-तूप नाही. साधारण २५० ग्रॅम वजन, ५५ ते ६५ सेंटिमीटर लांबी. सावरडो, म्हणजे आंबवणावर फुगवलेला ब्रेड करणाऱ्या बेकऱ्यांकडे विचारणा करा, कारण खमंग, कडक कवच आणायला लागणारी वाफ आणि जास्त तापणारी भट्टी त्यांच्याकडेच असण्याची शक्यता जास्त. घेतल्या दिवशीच संपवा. पावसाळ्यात चार तासांत कवच चिवट होतं, एप्रिलच्या कोरड्या हवेत चार तासांत दगड.

‘कॉन्टिनेंटल’ पान कसं वाचायचं

नागपूरकरांनी फ्रेंच पदार्थ पिढ्यानपिढ्या खाल्लेत, फक्त त्यांना फ्रेंच म्हटलं नाही. लग्नाच्या बुफेत, क्लबात, जुन्या एसी रेस्टॉरंटात ‘बेक्ड व्हेजिटेबल’ किंवा ‘व्हेज ऑग्राटिन’ नावाने येतं ते ऑ ग्रातँ. त्यातला व्हाइट सॉस म्हणजे बेशामेल. कॅरॅमल कस्टर्ड म्हणजे क्रेम कॅरामेल. फ्रेंच टोस्ट म्हणजे शिळ्या पावाचा पँ पेर्द्यू. सिझलर मात्र या पानावर असूनही फ्रेंच नाही.

बेशामेल ओळखायला सोपा आहे. बटर आणि मैदा समभाग, दोन-तीन मिनिटं रंग न बदलता परतायचा, मग दूध थोडं थोडं. अर्धा लिटर दुधाला ४०-४० ग्रॅम पुरे. परतणं कमी पडलं की कच्च्या मैद्याचा वास येतो. घाईत कॉर्नफ्लोअर घातलं असेल तर सॉस खळीसारखा चकाकतो आणि थंड होताच चमच्याला जेलीसारखा थरथरतो. चांगल्या ऑ ग्रातँमध्ये भाज्या आधीच उकडून, निथळून घेतलेल्या असतात; ताटलीच्या कडेने पाणी सुटलेलं दिसलं तर ते काम झालेलं नाही. वरचं चीज करपलेल्या ठिपक्यांचं हवं. ते ठिपके नसतील तर वेटरला सांगून परत ओव्हनमध्ये पाठवायला काही हरकत नाही, पाच मिनिटांचं काम आहे.

कॅरॅमल कस्टर्डमध्ये भोकं दिसली, इडलीसारखी, तर ते जास्त तापलंय. कॅरॅमल जवळजवळ कडू व्हायच्या अलीकडे थांबवलेलं असावं. नुसतं गोड लागलं तर ते पाकिटातलं.

मेनूवर ‘आंत्रे’ शब्दाने गोंधळ होतो. फ्रान्समध्ये आंत्रे म्हणजे सुरुवातीचा छोटा पदार्थ, अमेरिकी वळणाच्या मेनूत तोच शब्द मुख्य पदार्थासाठी. किंमत बघितली की कुठला अर्थ घ्यायचा ते कळतं.

मोठ्या हॉटेलात: आधी फोन

मिहानमधला दसॉ-रिलायन्सचा कारखाना, नागपूर मेट्रोला मिळालेलं फ्रेंच विकास संस्थेचं कर्ज, शहराच्या पाणीपुरवठ्यात व्हिओलिया या फ्रेंच कंपनीची भागीदारी, असे नागपूरचे फ्रान्सशी धागे आहेत. पण म्हणून रात्री नऊला अचानक जाऊन कॉक ओ व्हँ (रेड वाइनमध्ये शिजवलेली कोंबडी) मिळेल असं नाही. दोन दिवस आधी दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान फोन करा. त्या वेळेत जेवणाची गडबड संपलेली असते आणि शेफ बोलायला मोकळे असतात. रिसेप्शनला न विचारता रेस्टॉरंट मॅनेजर किंवा शेफशी जोडून द्यायला सांगा. किती माणसं, किती शाकाहारी, अंडं चालतं का, वाइन घातलेलं चालतं का, माणशी किती खर्च, एवढं एका दमात सांगा. सहा-आठ जणांचा गट असेल तर ठरावीक मेनू करून द्यायला स्वयंपाकघर सहज तयार होतं. किंमत ‘करांसह’ विचारा, कारण महागड्या खोल्यांच्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटला १८ टक्के जीएसटी लागू शकतो, बाहेरच्या साध्या रेस्टॉरंटला तो ५ टक्के असतो.

शाकाहारी मंडळींनी नेमके प्रश्न विचारावेत, नुसतं ‘व्हेज आहे ना?’ पुरत नाही. ओनियन सूपमध्ये कांदा दिसतो, पण पारंपरिक रस्सा मांसाच्या स्टॉकचा असतो, ‘स्टॉक कशाचा?’ असंच विचारा. आयात केलेल्या ग्रुयेर, कोंते यांसारख्या चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट (दूध घट्ट करणारं द्रव्य) असतं, तर भारतीय ब्रँड सहसा शाकाहारी रेनेट वापरतात. मूस आणि चकचकीत ग्लेझच्या केकमध्ये जिलेटिन, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढलेलं घट्ट करणारं द्रव्य, असू शकतं. रातातूय, म्हणजे वांगं, झुकिनी, सिमला मिरची, टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल, हा बिनधास्त मागवावा असा पदार्थ; त्यात लपलेलं काही नसतं. फक्त भाज्या वेगवेगळ्या परतून मग एकत्र आणता का, ते विचारा. सगळं एकत्र घातलं की त्याचं भरीत होतं.

फ्रेंच ओनियन सूपसाठी कांदा मंद आचेवर पाऊण ते एक तास परतावा लागतो. आपल्याकडचा कांदा तिखट असतो पण गोडवाही भरपूर असतो, त्यामुळे हे सूप नागपुरात उत्तम होऊ शकतं. घाई केली की रंगासाठी साखर किंवा सोया सॉस येतो: पहिल्यात सूप गोडमिट्ट, दुसऱ्यात चिनी वास. कांद्याच्या फोडी दाताखाली कचकचत असतील तर तो परतलेला नाही, उकडलेला आहे. वर भाजलेल्या पावाचा काप आणि त्यावर वितळून कडेला चिकटलेलं चीज हवं. नुसते क्रुटॉन (पावाचे कुरकुरीत तुकडे) भुरभुरलेले असतील तर ते अर्धंच काम.

मांसाहाऱ्यांनी कोंबडीवर भर द्यावा. बफ बुर्गिन्याँ हा पदार्थ गोमांसाचा, आणि महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाच्या मांसावरही बंदी आहे. त्याच्या जागी मटण घातलं तर शिजायला अडीच-तीन तास हवेत, म्हणून तो आगाऊ सांगूनच करून घ्यावा. कॉक ओ व्हँमध्ये रेड वाइन चांगली उकळून निम्मी झालेली असावी, नाहीतर रस्सा आंबट आणि जांभळट राहतो. आणि एक कळकळीची विनंती: सावजीच्या तिखटाला सोकावलेल्या जिभेला पहिल्या घासाला हे फिकं वाटेल. तिखट सॉस मागवण्याआधी चार घास थांबा. या जेवणाची चव बटर, वाइन आणि हाडांच्या रसात असते, ती हळू चढते.

सुफ्ले, म्हणजे फेटलेल्या अंड्यावर फुगणारा भाजलेला पदार्थ, मागवायचा तर जेवण सुरू करतानाच सांगा. तो केल्यावर भाजायलाच १५ ते २० मिनिटं लागतात आणि टेबलावर आल्यावर दोन-तीन मिनिटांत बसतो. फोटो एकच काढा.

संत्र्याचा क्रेप सुझेत, घरी

या एका पदार्थात नागपूर पॅरिसपेक्षा वरचढ ठरू शकतं, म्हणून हा बाहेर न शोधता घरीच करा. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आंबिया बहाराची फळं साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर, मृगाची फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास बाजारात असतात. मृगाची घ्या, ती जास्त गोड. पेटी हवी असेल तर कळमना बाजार, चार-सहा हवी असतील तर कोपऱ्यावरची गाडी.

आठ-नऊ क्रेपसाठी १२५ ग्रॅम मैदा, दोन अंडी, २५० मिलीलिटर दूध, २५ ग्रॅम वितळलेलं बटर, चमचाभर साखर, चिमूटभर मीठ. अंडी मैद्यात फोडून आधी घट्ट फेटा, मग दूध थोडं थोडं घाला, म्हणजे गुठळी होत नाही. मिश्रण अर्धा तास झाकून ठेवा. ताकापेक्षा किंचित दाट हवं. पसरत नसेल तर दोन चमचे दूध. २० सेंटिमीटरच्या नॉनस्टिक तव्यावर, धिरड्यापेक्षा पातळ. पळीभर ओतून तवा लगेच फिरवा, जास्तीचं परत भांड्यात ओता. कडा सुटल्या की उलटा. पहिला क्रेप बहुधा बिघडतोच, कारण तव्याची उष्णता बसलेली नसते.

सॉससाठी पाच-सहा संत्री, म्हणजे २०० मिलीलिटर रस, ६० ग्रॅम साखर, ६० ग्रॅम बिनमिठाचं बटर, अर्ध्या लिंबाचा रस. आपलं संत्रं गोड, म्हणून लिंबू वगळू नका.

संत्र्याच्या सालीचा कीस काढणं हे नागपुरी फळात अवघड, कारण साल सुटी आणि पोचट असते, किसणीखाली सरकते. फळ तासभर फ्रिजमध्ये ठेवा, न सोलता घट्ट धरा आणि फक्त केशरी भाग अलगद किसा. पांढरा भाग आला की कडवटपणा आला. रस मिक्सरमधून काढू नका. बिया आणि पडदे भरडले गेले की रस थोड्या वेळाने कडू होत जातो. आपल्या संत्र्याचा हा स्वभावच आहे. आडवं कापून हाताने पिळा, गाळा, आणि लगेच वापरा.

जाड बुडाच्या कढईत साखर कोरडीच वितळवा. मधासारखा रंग आला की गॅस बंद करून रस ओता. फसफसेल आणि साखर दगडासारखी गोळा होईल, घाबरू नका. मंद आचेवर ती परत विरघळते. चार-पाच मिनिटं आटवा, कीस घाला, मग थंड बटरचे तुकडे एकेक करून हलवत मिसळा. ३० मिलीलिटर कॉइन्ट्रो (संत्र्याच्या स्वादाचं मद्य) घालून पेटवायचं असेल तर चिमणी बंद ठेवा आणि बाटलीतून थेट कधीही ओतू नका, वाटीत मोजून घ्या. मद्य नको असेल तर तसंच ठेवा, पदार्थ अपुरा लागत नाही.

क्रेप चौघडी करून सॉसमध्ये दोन्ही बाजूंनी बुडवा आणि गरम ताटलीत वाढा. पाहुण्यांना उशीर झाला तर सॉस परत उकळू नका, बटर फुटून वर तवंग येतो. तसं झालंच तर चमचाभर गरम पाणी घालून जोरात हलवा, पुन्हा एकजीव होतो.